"फोनला जागा कशी कळते" – इन्फोग्राफिक छान दिसतंय, पण लोकांना चुकीचंच कळतंय. आधी काय बदलू?

रेघोट्या:

गेले तीन आठवडे एका उभ्या इन्फोग्राफिकवर काम करतेय. विषय साधा आहे: फोनला आपली जागा कशी कळते. रुंदी १०८० पिक्सेल, उंची जवळजवळ ४२००, फोनवर बोटाने सरकवत वाचायचं. मजकूर लिहून आला होता. चित्रं, रंग, अक्षरं आणि मांडणी मात्र सगळी माझी.

काल चार जणांना दाखवलं. चौघंही म्हणाले, छान दिसतंय. मग फोन उलटा ठेवायला लावला आणि विचारलं, काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा. एकजण म्हणाला, "फोन उपग्रहाला विचारतो मी कुठे आहे, आणि उपग्रह उत्तर पाठवतो." दुसरी म्हणाली, "मोबाइल टॉवर जीपीएसपेक्षा थोडासाच कमी अचूक असतो." दोन्ही चूक. आणि मजकुरात दोन्ही गोष्टी बरोबर लिहिलेल्या आहेत! म्हणजे त्यांनी मजकूर वाचलाच नाही, चित्र वाचलं, आणि चित्र भलतंच सांगत होतं. ही चूक लेखकाची नाही, माझी आहे. ती मला नीट समजून घ्यायची आहे.

काम अजून बाहेर आलेलं नसल्यामुळे चित्र टाकता येत नाही. वरून खाली शब्दांत सांगते.

सगळ्यात वर गडद निळं आकाश. त्यात पृथ्वीचा अर्धगोल, ढग आणि छायाप्रकाशासकट. त्याच्या डोक्यावर तीन उपग्रह. खाली हातात फोन. फोन आणि प्रत्येक उपग्रह यांच्यामध्ये दुहेरी बाण.

त्याखाली एकमेकांना छेदणारी तीन वर्तुळं, मधोमध पिन, आणि शीर्षक "ट्रायअँग्युलेशन".

मग एका ओळीत पाच वर्तुळं: यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे जवळच्या वस्तूचं अंतर मोजणारं रेडिओ तंत्र), ब्लूटूथ, वाय-फाय, जीपीएस, मोबाइल टॉवर. व्यास ६०, ९०, १२०, १५०, १८० पिक्सेल. प्रत्येकाखाली फिकट करड्या अक्षरांत मीटरचा आकडा.

पुढे घराबाहेर आणि घरात असे दोन रकाने. चालतं तिथे हिरवा ठिपका, चालत नाही तिथे लाल.

शेवटी नकाशा, त्यावर निळा ठिपका आणि भोवती निळं वर्तुळ. शिवाय प्रत्येक शीर्षकाच्या आधी शोभेला एक पिन.

तुम्ही माझ्या जागी असता तर पहिल्यांदा कशाला हात घातला असता? आणि पृथ्वी-उपग्रह प्रमाणात काढणं १०८० पिक्सेलमध्ये बसणारच नाही, असं मी धरून चालले होते. ते बरोबर आहे का?

सर्वेवाला:

मी जमीनमोजणीत आहे, उपग्रहांवर चालणारे रिसीव्हर रोज हातात असतात. डिझाइनमधलं मला फार कळत नाही, पण तुमचं वर्णन वाचून पहिल्या दोन चित्रांत चार गोष्टी खटकल्या.

पहिली, दुहेरी बाण. तुमच्या मित्राची काही चूक नाही, बाणाने जे सांगितलं तेच त्याने सांगितलं. जीपीएसमध्ये फोन फक्त ऐकतो. उपग्रह सतत दोन गोष्टी प्रसारित करत असतो: मी आत्ता कुठे आहे, आणि माझ्या घड्याळात किती वाजलेत. आकाशवाणी ऐकणारा रेडिओ जसा केंद्राला काही कळवत नाही, तसा फोनही उपग्रहाला काही कळवत नाही. तुमची जागा दुसऱ्या कोणाला कळते ती नंतर, एखादं अ‍ॅप इंटरनेटवरून ती पाठवतं तेव्हा. म्हणून बाण एकेरी, वरून खाली. आणि अ‍ॅपने पाठवणं दाखवायचंच असेल तर ती रेघ वेगळी काढा, तुटक, आडवी, टॉवरकडे जाणारी. "माझ्यावर वरून नजर आहे" ही भीती कितीतरी लोकांच्या मनात असते. चित्रातल्या एका बाणटोकाने ती पक्की होते किंवा निघून जाते, त्यामुळे हा बाण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

दुसरी, शीर्षक. ट्रायअँग्युलेशन म्हणजे कोन मोजून जागा काढणं. थिओडोलाइट लावून आम्ही ते करायचो. जीपीएस कोन मोजत नाही, अंतर काढतं. त्याला ट्रायलॅटरेशन म्हणतात. तुमची वर्तुळं अंतराचीच आहेत, म्हणजे चित्र बरोबर आणि वर लिहिलेलं नाव चूक. शब्द जड वाटत असेल तर सरळ "अंतरांवरून जागा" लिहा.

तिसरी, उपग्रह तीन नाहीत, चार लागतात. तीन अंतरांवरून दोन बिंदू निघतात, त्यातला एक बहुधा अवकाशात कुठेतरी असतो आणि सोडून देता येतो. मग चौथा कशाला? घड्याळासाठी. उपग्रहात अणुघड्याळ असतं, फोनमध्ये साधं क्वार्ट्झ. अंतर काढायचं तर लहर निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ गेला ते हवं, आणि प्रकाश एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागात ३०० मीटर जातो. फोनचं घड्याळ तेवढंच चुकलं तर प्रत्येक अंतर ३०० मीटरने चुकणार. चौथ्या उपग्रहामुळे ही घड्याळाची चूकच गणितातून सुटून बाहेर येते.

कागदावर हे सुंदर दाखवता येतं. कागद सपाट आहे, म्हणून तिथे तीन उपग्रह तेच काम करतात जे खऱ्या आकाशात चार करतात. तीन वर्तुळं आधी एका बिंदूत न भेटणारी काढा, मध्ये छोटासा त्रिकोण उरू द्या. शेजारच्या चौकटीत तीनही त्रिज्या सारख्याच लांबीने कमी करा म्हणजे त्रिकोण मिटून बिंदू होईल. पहिल्या चौकटीखाली "घड्याळ चुकलेलं", दुसरीखाली "घड्याळ जुळलं". नवीन मुलांना मी हे फळ्यावर असंच काढून दाखवतो, आणि त्रिकोण मिटला की त्यांच्या चेहऱ्यावर कळल्याचं दिसतं. "सपाट कागदावर तीन, प्रत्यक्षात चार" एवढी ओळ मात्र खाली हवीच.

आता प्रमाण. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७० किलोमीटर. म्हणजे केंद्रापासून कक्षा पृथ्वीच्या त्रिज्येच्या चौपटीहून थोडी जास्त. तुमची पृथ्वी २०० पिक्सेल व्यासाची ठेवा, कक्षेचा व्यास ८३५ पिक्सेलच्या आसपास येतो. १०८० मध्ये आरामात बसतंय की!

अक्षरजुळणी:

सर्वेवाल्यांनी गाभ्याला हात घातला आहे, मी अक्षरांपुरतं बोलतो.

हे टेंप्लेट मुळात इंग्रजी मजकुरासाठी बांधलेलं होतं का? तुमच्या वर्णनावरून तसा दाट संशय येतो. तसं असेल तर तीन जागा आजच तपासा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.२ पट असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. "अचूकता" खाली "स्थिती" आलं की ऊकार आणि वेलांटी एकमेकांना भिडलेले दिसतील. निदान १.५ करा. शीर्षकांत अक्षरांमधलं अंतर वाढवलं असेल तर ते शून्यावर आणा. रोमन लिपीत ते ऐटदार दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. आणि मोठी चौकोनी इंग्रजी अक्षरं जिथे शीर्षकाचं वजन सांभाळत होती, तिथे आपल्याकडे तसली अक्षरंच नाहीत. ते वजन जाडी आणि आकारातून आणावं लागतं. बहुतेक मराठी इन्फोग्राफिकमध्ये शीर्षक आणि मजकूर एकाच आवाजात बोलतात, त्याचं कारण हेच.

एक्सपोर्ट झाल्यावर "स्थान" आणि "स्थिती" हे दोन शब्द मोठे करून बघा. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) लावलेला नसेल तर वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षर फुटून हलन्त उघडा पडतो. तुमच्या विषयात हे शब्द पावलोपावली येणार.

आणि ते फिकट करडे आकडे. पांढऱ्यावर फिकट करडं म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर २.३ च्या आसपास असणार. वेबच्या सुगम्यता निकषांत लहान अक्षरांना किमान ४.५ लागतं. अचूकतेचा आकडा हा या चित्राचा ऐवज आहे, आणि तोच पानावर सगळ्यात फिका आहे. लोकांनी तो वाचला नाही यात नवल नाही. त्यांना तो वाचायचा आहे हे चित्राने सांगितलंच नव्हतं.

रेघोट्या:

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसून वरचे दोन भाग पुन्हा काढले.

२०० पिक्सेलची पृथ्वी काढून कक्षा आखली, आणि पहिल्यांदा मला स्वतःला कळलं की उपग्रह किती लांब आहेत. तीन आठवडे या विषयावर काम करूनही ते अंतर कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, कारण मीच ते चुकीचं काढत होते. ढग, छायाप्रकाश काढून टाकले, आता पृथ्वी म्हणजे एक सपाट निळी चकती. मोठी, देखणी पृथ्वी गेली याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्या मोकळ्या काळ्या जागेत खाली येणारे चार बारीक बाण जे सांगतात, ते आधी कुठेच नव्हतं.

शिरोरेषा तुटत होतीच. टेंप्लेटही इंग्रजीच होतं.

आता अडले आहे पाच वर्तुळांवर. खऱ्या प्रमाणात काढायला गेले तर टॉवरचं वर्तुळ पानाबाहेर जातं आणि यूडब्ल्यूबी दिसतच नाही. इथे प्रमाण सोडून दिलं तर चालेल का? लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशाही प्रमाणात नाहीच ना.

आकडेमोड:

लंडनचं उदाहरण चांगलं आहे, फक्त ते तुमच्या विरुद्ध जातं. हॅरी बेकचा तो नकाशा १९३३ साली आला. त्यात सगळ्या रेघा उभ्या, आडव्या किंवा ४५ अंशांत. असा नकाशा बघून कोणी पट्टी काढून अंतर मोजायला जात नाही, कारण मी अंतर सांगत नाही हे तो दिसण्यातूनच कबूल करतो. प्रवाशाला हवं ते, म्हणजे कोणत्या स्थानकानंतर कोणतं आणि गाडी कुठे बदलायची, ते तो चोख सांगतो. तुमची पाच वर्तुळं नेमकं उलट करतात. एका ओळीत, चढत्या क्रमाने, खाली मीटरचे आकडे. बघणारा मोजणारच. आणि मोजलं तर काय हाती लागतं? ६० ते १८०, म्हणजे तीन पट. प्रत्यक्षात यूडब्ल्यूबीला साधारण १० ते ३० सेंटिमीटरपर्यंत जाता येतं आणि टॉवरची चूक एक किलोमीटर सहज असू शकते. ३० सेंटिमीटर आणि एक किलोमीटर यांत तीन हजारांहून जास्त पट अंतर आहे. तुमच्या मैत्रिणीने "थोडासाच कमी अचूक" म्हटलं ते चित्रावरून अगदी बरोबर वाचलं.

वर्तुळाची आणखी एक अडचण आहे. त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि बघणारा त्रिज्या बघतो की क्षेत्रफळ, हे आपल्या हातात नसतं. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये, आलेख वाचताना लोक काय किती अचूक ओळखतात याची क्रमवारी लावली, तीत एकाच मोजपट्टीवरची जागा सगळ्यात वर आहे आणि क्षेत्रफळ बरंच खाली.

तेव्हा वर्तुळं सोडा, पट्टी घ्या. आडवी मोजपट्टी, खुणा दहाच्या पटीत: १० सेंटिमीटर, १ मीटर, १० मीटर, १०० मीटर, १ किलोमीटर, १० किलोमीटर. पाच घरं झाली, प्रत्येक १८० पिक्सेलचं, एकूण ९००. दोन्ही बाजूंना ९० चा समास उरतो.

दहाच्या पटीची पट्टी सगळ्यांना सवयीची नसते, म्हणून प्रत्येक खुणेखाली एक ओळखीची वस्तू काढा. १० सेंटिमीटरला तळहाताची रुंदी, १ मीटरला दाराची रुंदी, १० मीटरला बस, १०० मीटरला फुटबॉलचं मैदान. वस्तू बघितली की पट्टी आपोआप कळते, समजावून सांगावी लागत नाही.

आणि त्यावर ठिपके नकोत, आडवे पट्टे हवेत. जीपीएसची चूक मोकळ्या आकाशाखाली फोनवर साधारण ५ मीटर असते, उंच इमारतींच्या मध्ये लहरी भिंतींवरून उसळून येतात तेव्हा ती कितीतरी मीटर वाढते. एकच आकडा देणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं. पट्टा जीपीएसचा लांब, यूडब्ल्यूबीचा आखूड. नुसत्या लांबीवरून कळतं की कोणाचा भरवसा परिस्थितीवर जास्त अवलंबून आहे. मला स्वतःला तुमच्या सगळ्या चित्रात ही एकच जागा अशी दिसते, जिथे आकृती मजकुरापेक्षा जास्त सांगू शकेल.

निळा-नारिंगी:

मला लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत. दर बारा पुरुषांमागे साधारण एकाला या ना त्या प्रमाणात हे असतं, स्त्रियांमध्ये दोनशेत एखादीला. तुमच्या घरात-घराबाहेर तक्त्यात मला काय दिसेल ते सांगतो: दहा ठिपके, सगळे मातकट. कोणता चालतो, कोणता चालत नाही, काही कळणार नाही, आणि मी पुढे सरकेन. तक्रार करायला कोणी थांबत नाही, म्हणून ही चूक डिझाइन करणाऱ्यापर्यंत कधी पोचत नाही.

रंग बदलून निळा आणि नारिंगी केलेत तर मला दिसेल. पण त्याहून बरं म्हणजे आकार बदला. चालतं तिथे भरीव ठिपका, चालत नाही तिथे पोकळ वर्तुळ, आणि शेजारी एक शब्द: "चालतं", "अडखळतं", "नाही". मधला शब्द मुद्दाम घेतलाय. घरात जीपीएस पूर्ण बंद पडतं असं नाही, खिडकीपाशी ते धडपडत चालतं. लाल-हिरव्यात त्या "अडखळतं"ला जागाच नव्हती.

रंगसूची दिली असेल तर तीही काढून टाका. कोपऱ्यातल्या सूचीतला चिमुकला रंग बघायचा, लक्षात ठेवायचा, मग चित्रात शोधायचा, हे मला जमतच नाही. आणि ज्यांना जमतं त्यांनाही ते का करायला लावायचं? नाव वस्तूच्या अंगावरच लिहा.

रेघोट्या:

"अडखळतं" घेतला. तुमच्या परवानगीशिवाय घेतलाय, पण याहून बरा शब्द मला सुचणार नाही.

पट्टीही बसली. तळहात, दार, बस, मैदान ओळीने काढले, आणि एक किलोमीटरपाशी अडले. एक किलोमीटर दाखवणारी ओळखीची वस्तूच नाही. शेवटी तिथे "चालत बारा मिनिटं" लिहिलं आणि चालणारा माणूस काढला.

शोभेच्या पिना सगळ्या काढल्या. त्या काढताना एक गोष्ट सापडली जी कोणीच दाखवली नव्हती, कारण मी सांगितलीच नव्हती. तीन वर्तुळांच्या छेदावर मी पिन ठेवली होती ती तिच्या गोल डोक्याने, मधोमध. पिनचं टोक छेदापासून चाळीस पिक्सेल खाली जात होतं. पिन टोकाने बोट दाखवते, म्हणजे जागा कशी निघते हे समजावणाऱ्या चित्रात मी जागाच चुकीची दाखवत होते! आता तिथे पिन नाही, फक्त एक ठिपका आहे.

शेवटचा प्रश्न सर्वेवाल्यांना. खालच्या नकाशावर निळ्या ठिपक्याभोवती जे निळं वर्तुळ आहे, त्याला मी दोन पिक्सेलची ठळक कड दिली आहे. ती ठेवू का?

सर्वेवाला:

काढा. ठळक कड म्हणजे कुंपण. बघणारा समजतो की मी आतच आहे, बाहेर असूच शकत नाही. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपला अचूकतेची जी त्रिज्या मिळते, तिचा अर्थ असा आहे: खरी जागा या त्रिज्येच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे तीनातल्या जवळजवळ एका वेळी माणूस वर्तुळाच्या बाहेर असतो. मोजणीच्या कामात हे ठाऊक नसेल तर हद्दीचा दगड चुकीच्या जागी लागतो.

कड विरत जाऊ द्या. मध्ये गडद, बाहेर जाता जाता फिका, कुठे संपतो ते सांगता येऊ नये असा. आणि ६८ चा आकडा लिहायला जागा असेल तर लिहा.

रेघोट्या:

जागा आहे. वर्तुळाच्या उजवीकडे ठिपक्यांनी दाखवते: एकाच फोनच्या शंभर वेळा घेतलेल्या जागांचं काल्पनिक चित्र, ६८ ठिपके आत, ३२ बाहेर. मोजून काढते. उद्या नवा मसुदा त्याच चौघांना दाखवणार नाही, त्यांना आता उत्तर माहीत आहे. हा विषय कधीच न वाचलेले दुसरे चार जण शोधते, आणि ते फोन उलटा ठेवून काय सांगतात ते इथे येऊन लिहिते.